कल्याणच्या फलाटावरचं लग्न

ठाण्याला पहिली आगगाडी आली त्या साली आवडाबाई तिथल्याच कोपरी गावात जन्मली. आईला कळा सुरू झालेल्या आणि सुईण बया गाडी बघायला पळालेली! तरी पोरगी जन्मली ती ठणठणीत. बंडाच्या साली ती मिठागराच्या बांधावर उघडी हुंदडत होती. अमेरिकेतल्या लढाईपायी मुंबईचा कापूस विलायतेला धावायला लागला, तेव्हा तिचं लग्न झालं. मोठ्या दुष्काळात घाटावरची माणसं पोटासाठी खाली उतरली, त्या साली नवरा पटकीने गेला. रडली, पण बसून राहिली नाही. सासूकडून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, शिकली. आगऱ्यांच्या लग्नात भट नसला तरी निभतं, पण धवलारणीशिवाय पान हलत नाही. धवले ती गाते, विधी ती सांगते, आणि ती म्हणेल तेव्हाच लग्न लागलं. निम्मी कोपरी आवडाबाईनेच बोहल्यावर चढवलेली.

मग आला प्लेग. गावात माणसं जमवायला बंदी, आणि नेमकं तेव्हाच तिच्या नातीचं, शकूचं, खडवलीच्या काळुरामशी लग्न ठरलेलं. "प्लेगाच्या बापाला नाय भीत मी," आवडाबाई म्हणाली, "खडवलीत लावू." आणि हळदीची नवरी घेऊन गाडीत बसली.

कल्याणला सगळ्यांना उतरवून तपासत. लग्न लागेपर्यंत नवरीने उपाशी राहायचं, हा आवडाबाईचा कडक नियम. कालपासून पोटात अन्न नाही, त्यात चैत्राचं ऊन. तपासणाऱ्या बाईंनी शकूला हात लावला, तर अंग चटका बसेल असं तापलेलं.

"हिला प्लेगच्या आजाऱ्यांच्या छपरात न्या," बाई म्हणाल्या.

आवडाबाईने शकूला जवळ ओढलं. आपल्याच हट्टाने पोर तापली! तपासणीसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे काळुरामला घेऊन नवरी न्यायला आलेले व्याही गुणाजी दोन पावलं मागे सरले.

"आवडाबाय, आता जमाचा नाय. पलेगाची पोर घरान कशी घेऊ?"

हळद लागलेली पोर अशी माघारी गेली, तर तिला पुन्हा कोण विचारणार? आवडाबाईने गुणाजींकडे बघितलंसुद्धा नाही.

"काळुराम, तुला पोर पायजे का नको? बापाकडं नको बघू, माज्याकडं बघ."

काळुराम घाबरला, लाजला. मग म्हणाला, "पायजे."

"मंग तिथंच उभा ऱ्हा!"

आणि भर फलाटावर तिने खड्या आवाजात धवला धरला. पहाऱ्यावरचा शिपाई ओरडत राहिला, ती गात राहिली. उतारू गोळा झाले, दोरीवरून हार गेले, अक्षता उडाल्या. "लगीन लागला!" तिने जाहीर केलं.

गुणाजींनी कपाळावर हात मारला. "लागला तर लागला! पन पोर छपरातच जाणार ना?"

"जाईल. मी पन जातंव तिच्यासंगती," आवडाबाईने पदर खोचला.

तेवढ्यात काळुराम वाकून दोरीखालून अलीकडे आला.

"आजे, तू घरा जा. माजी बायको हाय, मी जातंव."

"अरे काळ्या, मरशील!" बाप ओरडला. काळुरामने वळून बघितलं नाही. तो शकूच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि सगळ्या फलाटादेखत आवडाबाई ढसाढसा रडली.