लाल फडकं आणि माझी ढिली मान

मित्रांनो, नाक मुरडायच्या आधी माझं थोडं ऐकून घ्या. रंग उडालाय, सीटला चिकटपट्टी आहे, घंटी तर कधीच गळून पडली. जुनी आहेच मी. पण मी डोंगरी सायकल आहे, आणि एके काळी खडीच्या उतारावरून अशी सुटायचे की कुत्रीसुद्धा मागे लागायचा नाद सोडून द्यायची. आज मात्र फुशारकी मारायची नाही. एका दुपारची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आठवली की अजूनही माझ्या चाकांच्या तारा थरथरतात.

कारखान्यात ठिणग्यांच्या पावसात माझ्या नळ्या जोडल्या गेल्या. वर निळा रंग बसला आणि मी दुकानाच्या काचेमागे रुबाबात उभी राहिले. तिथून बाबांनी मला घरी आणलं. आधी दादाने मला मनसोक्त पिदडलं. पुढे त्याला मोटरसायकल दिसू लागली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. शेजारी गळक्या बादल्या नि जुने बूट. कोळ्याने माझ्या चाकात संसार थाटला, तरी कुणी ढुंकून बघेना. फार वाईट वाटायचं हो!

मग धाकटीचे पाय पेडलला पुरू लागले. तिला घरात भिंगरी म्हणतात. का म्हणतात, ते तिला एकदा जिना उतरताना बघितलं की कळतं. तिने मला बाहेर ओढलं, जाळी झटकली आणि म्हणाली, "चल म्हातारे, खूप झोपा काढल्यास." त्या दिवसापासून मी तिची झाले.

आता बाबांबद्दल सांगते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. उंच इमारतींच्या काळोख्या पोटात उतरायचं, दोर तपासायचे, बोल्ट आवळायचे, हे त्यांचं काम. त्या कामाचा एक नियम आहे. काम अर्धवट असलं की बटणापाशी लाल फडकं बांधायचं, आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही, मग तो इमारतीचा मालक का असेना. एकदा कुणीतरी ते सहज म्हणून सोडलं आणि बटण दाबलं. खाली बाबांचा जोडीदार काम करत होता. त्याचं काय झालं ते बाबा कधीच सांगत नाहीत. विषय निघाला की भरल्या ताटावरून उठतात.

तेव्हापासून तोच नियम घरात आला. इस्त्री उघडली, बांध फडकं. नळ खोलला, बांध फडकं. एकदा बाबांची दाढी अर्धी राहिली नि फोन आला, तर भिंगरीने त्यांच्याच गळ्यात फडकं बांधलं. घरभर हशा पिकला. ते फडकं ग्रीस पिऊन पिऊन काळंकुट्ट झालं होतं, पण बाबा ते धुवू द्यायचे नाहीत. आई बोलली की म्हणायचे, "ते दोरीवर वाळत पडलं आणि इकडे काम अडलं, तर काय तुझा रुमाल बांधू?"

फडकं दिसलं की हात लावायचा नाही, हे सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. आणि फडकं नसलं की? नसलं की बिनधास्त. इथेच सगळी मेख होती, मित्रांनो. त्या घरात कुणी वस्तू तपासायचंच नाही. सगळे फडकं तपासायचे.

अशात माझी मान दुखू लागली. पुढचा ब्रेक दाबला की आत काहीतरी 'खट्' करायचं. भिंगरी शाळेत जाता जाता म्हणाली, "बाबा, सायकल खटखट करतेय. जरा बघा ना, संध्याकाळी मला उतारावर जायचंय."

बाबांची सुट्टी होती. त्यांनी मला अंगणात उभं केलं, पुढचा ब्रेक दाबून धरला, दुसरा हात माझ्या मानेवर ठेवला आणि मला मागेपुढे हलवलं. खट्. खट्. "हं, हेडसेट ढिला झालाय," ते स्वतःशीच म्हणाले.

हेडसेट म्हणजे माझ्या मानेतल्या बेअरिंगांची जोडी. हँडल वळलं की मान त्यांच्यावर फिरते. सर्वांत वर एक टोपी असते, तिच्यातला बोल्ट या बेअरिंगांना दाबून ठेवतो. आणि बाजूला दोन बोल्ट असतात, ते हँडलला पुढच्या चाकाच्या दांड्याशी जखडून ठेवतात. दुरुस्तीची रीत अशी, की आधी बाजूचे दोन्ही ढिले करायचे, मग वरचा जरा जरा आवळत मानेची खुळखुळ घालवायची, हँडल चाकाशी सरळ करायचं आणि शेवटी बाजूचे दोन्ही पुन्हा घट्ट करायचे. हे शेवटचं राहिलं, तर हँडल एकीकडे आणि चाक भलतीकडे.

बाबांनी बाजूचे बोल्ट ढिले केले. तेवढ्यात फोन वाजला. कुठेतरी लिफ्ट अडकली होती आणि आत एक आजारी बाई होत्या. बाबा ताडकन उठले. तशा घाईतही त्यांनी माझ्या हँडलला लाल फडकं बांधलं, गाठ ओढून बघितली, आणि गेले.

मी निर्धास्त उभी राहिले.

घरात त्या दिवशी आत्या होती. बाबांची थोरली बहीण, चार दिवस राहायला आलेली. माणूस सोन्यासारखं, पण हात स्वस्थ बसतील तर शपथ! तिने भांडी लखलखीत केली, खिडक्या पुसल्या, चादरी धुवायला काढल्या, आणि मग तिची नजर माझ्याकडे वळली. "अगंबाई! ही कसली चिंधी बांधून ठेवलीय?" तिने गाठ सोडली. नको गं आत्या, नको! पण सायकलला कुठलं तोंड असतं! फडकं बादलीत गेलं. नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता. आपल्या घरातलं सगळ्यांना ठाऊकच असतं, असं घरातल्यांना वाटतं.

भिंगरी आली. दप्तर फेकलं. आधी माझ्या हँडलकडे बघितलं. फडकं नाही. "झालं वाटतं काम! वा रे बाबा!"

"काहीतरी खाऊन तरी जा," आत्या आतून म्हणाली.

"आल्यावर!"

आल्यावर. तो शब्द ऐकून माझ्या अंगातलं लोखंड गार पडलं.

सपाट रस्त्यावर मी तिचं ऐकत होते. वरच्या टोपीचा थोडा दाब होता, त्यावर हँडल आणि चाक कसेबसे जोडलेले होते, ओल्या हातात साबण धरावा तसे. आमचा उतार घरांच्या मागे आहे. त्याच्या पायथ्याशी अवघड वळण, आणि वळलं नाही तर समोर थेट मोठा रस्ता. त्यावरून दिवसभर मालट्रक धावतात. वळणावर भिंगरी हँडल वळवणार होती. मी मात्र सरळ जाणार होते.

कोपऱ्यावर मांजर आडवी आली आणि भिंगरीने ब्रेक दाबला. खट्! मला जेवढं ओरडता येतं तेवढं मी ओरडले. भिंगरीच्या कपाळाला आठी पडली. "अजून करतेसच का?" मग तिने माझ्या सीटवर थाप मारली. "जाऊ दे. जुनी आहेस, करणारच."

चढ तिने मला हातात धरून चढवला. वर पोचल्यावर ती बसली, एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. खाली घरांची मागची अंगणं दिसत होती. आमच्या दोरीवर चादरी वाळत होत्या, आणि त्यांच्या मधोमध काहीतरी लालभडक फडफडत होतं. ते इतकं लाल आहे, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

भिंगरी आधी हसली. मग तिचं हसू मावळलं.

"बाबा तर ते धुवूच देत नाहीत," ती पुटपुटली. "मग सोडलं कुणी?"

ती उतरली. बाबांना करताना बघितलं होतं तसं माझं पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल वळवलं. हँडल मुकाट्याने झुडपांकडे वळलं. चाक तसूभरही हललं नाही. ते सरळ खाली बघत होतं. खालून एक ट्रक भोंगा वाजवत गेला.

भिंगरीने मला झटकन उतारापासून मागे ओढलं. "आई गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

आम्ही मागे फिरून अर्ध्या चढावर आलो, तर समोरून बाबा धावत येत होते. घरी येऊन त्यांनी रिकामं अंगण बघितलं होतं आणि दोरीवरचं फडकं बघितलं होतं. त्यांनी तिला जवळ ओढलं. तिचा चेहरा, हात, गुडघे चाचपून बघत राहिले, जणू काही हरवलेलं शोधत होते.

घरी आत्या पदर तोंडाला लावून रडत होती. "मला काय माहीत रे! मला वाटलं चिंधी आहे."

"ताई, तुझं काही चुकलं नाही," बाबा म्हणाले. "आम्ही तुला सांगितलंच नव्हतं."

त्यांनी पाना उचलला, बोल्टमध्ये बसवला, आणि पुन्हा काढला. शेवटी त्यांनी तो भिंगरीच्या हातात दिला. आत्याने माझं चाक गुडघ्यांत पकडलं. बाबा सांगत गेले तसा भिंगरीने वरचा बोल्ट हळूहळू आवळला, हँडल सरळ केलं, मग बाजूचे दोन्ही आळीपाळीने घट्ट केले. ब्रेक दाबून मला हलवलं. आवाज नाही. चाक धरून हँडल पिळलं. हललं नाही. तिने पुन्हा पिळून बघितलं. आणि पुन्हा.

ते फडकं आता परत काळं झालंय. आत्या आली की त्याच्याकडे दुरूनच बघते. भिंगरी फडकं असो वा नसो, आधी माझं चाक गुडघ्यांत धरते, मगच सीटवर बसते.

मित्रांनो, दर वेळी दोरीवर लाल फडकं दिसेलच असं नाही. आम्हा वस्तूंना हाका मारता येत नाहीत. आम्हाला येतं ते एवढंच, खट्. ते ऐकलंत तर थांबा, वाका, हात लावून बघा. 'जुनी आहे, करणारच' असं म्हणून पुढे जाऊ नका. त्या दुपारी मी माझ्या परीने सगळं सांगितलं होतं, आणि माझ्या लाडक्या भिंगरीने मला प्रेमाने थाप मारून गप्प केलं होतं.