वीस मिनिटांचा चमत्कार

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी बाबांनी रंगाऱ्याच्या जिभेखाली चार थेंब सोडले. तेव्हा त्याचे हात लटपटत होते. अकरा पंचविसाला त्याने काठोकाठ भरलेला पेला उचलून पडदे ओढलेल्या हॉलभर फेरी मारली. पाणी सांडलं नाही. दोनशे माणसांनी टाळ्या पिटल्या.

"अफूच्या अकरा वर्षांच्या नशेने मेंदूत गाठ मारली होती, ती मी सोडवली," बाबा म्हणाले. "आता दवाखान्याच्या गोळ्या कायमच्या बंद. थेंब मात्र रोज. एक दिवस चुकला, की मी जबाबदार नाही."

रंगाऱ्याची धाकटी बहीण दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तीही गर्दीत होती. पुढे येऊन तिने भावाची हनुवटी वर केली.

"दादा, इथे अंधार आहे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या हव्यात. तुझ्या मोहरीएवढ्या झाल्यात."

"तेज आलंय गं," वहिनी म्हणाली.

"तेज नाही वहिनी, अफू आलीय. गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मीच, चार दिवसांपूर्वी," दादा म्हणाला. "जुना रंग खरवडायचा, नवा हात मारायचा. मेंदूचंही तेच असणार."

"मेंदू म्हणजे दरवाजा आहे का? नशेने त्याचा 'थांब' म्हणणारा पुढचा भाग झिजतो. स्कॅनमध्ये दिसतं. 'आण' म्हणणारा भाग मात्र जोरात असतो. हे सावरायला महिने लागतात. तुझे सात झाले होते."

तिने पर्समधून तपासणीच्या दोन पट्ट्या काढल्या. एक नळाच्या पाण्यात बुडवली, दुसरी बाबांचे थेंब मिसळलेल्या पाण्यात. पहिलीवर दोन रेघा उमटल्या, दुसरीवर एकच. अफूच्या जातीचं औषध असलं, की दुसरी रेघ उमटत नाही.

"पट्टीला श्रद्धा नसते, बाळ," बाबा हसले.

"म्हणूनच ती खोटं बोलत नाही. आणि देवाला रक्तात उतरायला वीस मिनिटं का लागतात, बाबा?"

मागून एकजण ओरडला, "बाहेर काढा हिला."

ज्याची नशा, त्याचंच औषध: एवढाच हा चमत्कार. म्हणून तर थेंब चुकवायचा नसतो. चालू उपचार बंद करायला सांगणाऱ्याला बाटलीत काय आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका.

थेंबांची बाटली त्या दिवशीच पोलिसांनी नेली. अहवाल आलेला नाही. आज सकाळी नऊला हॉल पुन्हा उघडला. रांगेत रंगारी पाचवा होता. शेजारी उभी राहून बहीण त्याला सांगत होती, "दवाखान्यात डॉक्टर बसलेत, दादा. चल." बातमी लिहीपर्यंत तो रांगेतून हललेला नव्हता, आणि तीही.