माझा फुटका कोपरा

नूरीच्या बेंबीखाली चार बोटांवर एक तपकिरी जाळी आहे. जाळीची भोकं मसुराच्या दाण्याएवढी, दोरे कोऱ्या चहाच्या रंगाचे. हात फिरवला तर काही लागत नाही, कारण ती कातडीच्या आत आहे. वीतभर रुंद असलेल्या या जाळीचा एक कोपरा मात्र तिरका तुटलेला आहे.

मित्रांनो, ही जाळी मी केली. मी एक जुनं, अर्धं कौल आहे. बोयाका प्रांताच्या थंड डोंगरात, नूरीच्या आईच्या, म्हणजे रोसाल्बिनाच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या कोनाड्यात मी राहतो. माझ्यासारखी वस्तू आपली कहाणी सांगू लागली की तुम्हाला वाटत असेल, आता हा रडगाणं गाणार, मला कुणी विचारत नाही म्हणणार. माझी तक्रार उलटी आहे. मला फार विचारलं गेलं. त्याचाच मला राग आहे.

माझी माती पायांनी तुडवली गेली, साच्यावर थापली गेली आणि भट्टीत तीन दिवस भाजली गेली. पुढे तीस-पस्तीस वर्षं मी छपरावर होतो. ऊन खाल्लं, धुकं प्यायलो. मग एका गारपिटीत अंगणात पडलो. माझे दोन तुकडे झाले आणि राहिलेल्या अर्ध्याचा एक कोपराही उडाला. त्या घरची ब्रिहिदा, म्हणजे रोसाल्बिनाची आई, मला उचलून आत घेऊन आली. तिची मोठी मुलगी त्रान्सितो त्या दिवशी पोट धरून जमिनीवर लोळत होती.

ब्रिहिदाने मला निखाऱ्यांशेजारी तापवलं, जुन्या घोंगडीच्या तुकड्याच्या चार घड्यांत गुंडाळलं आणि पोरीच्या पोटावर पालथं ठेवलं. पोरीला झोप लागली. त्या दिवशी मला धन्य वाटलं, हे कबूल करतो. छपराचं काम सगळीच कौलं करतात. कळवळणाऱ्या मुलीला झोपवण्याचं काम किती जणांच्या वाट्याला येतं?

पण कौतुक वाढत गेलं आणि डोळे मिटत गेले. पुन्हा पुन्हा शेकून त्रान्सितोच्या पोटावर जाळी उमटली. पाठोपाठ धाकट्या रोसाल्बिनाच्याही. ब्रिहिदाने आपल्या पोटावरची जाळी दाखवून ठरवून टाकलं, "ही आपल्या बायकांची खूण. रक्तातूनच येते. आणि खुणेबरोबर दुखणंही येतं." तिच्या आईकडेही असंच एक तापवायचं कौल होतं, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

नूरीची पाळी बाराव्या वर्षी सुरू झाली. तेव्हा माझ्याभोवती चार घड्या होत्या. तेराव्या वर्षी तीन, चौदाव्या वर्षी दोन. चार घड्यांतून ऊब पोचते. तीन घड्यांतून पोळतं. दोन घड्यांतून भाजतं. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि रोसाल्बिनाने पाठ वळवली की ती आणखी एक घडी सोडते. कोणती मुलगी आपल्या हाताने घडी सोडेल? जिच्या आत याहून जास्त भाजत असतं, तीच. एवढं साधं मोजमाप घरात कुणी केलं नाही. उलट जाळी दिसली तेव्हा त्रान्सितोने तिच्या गालाचा मुका घेतला. म्हणाली, "आता तू खरी आमची!"

मला तेव्हा तडकावंसं वाटलं. पण कौलाला रागाने तडकता येत नाही.

रोसाल्बिना वाईट आई नाही. ती रात्रभर उशाशी बसते, गुळाचं गरम पाणी पाजते, ओकारी पुसते. पण नूरी म्हणाली, "आई, डॉक्टरकडे जाऊया," की तिचं ठरलेलं उत्तर येतं, "पुढच्या महिन्यात बघू." बटाटे काढायचे असतात, गाय व्यायची असते. तीन वर्षं पुढचा महिना आलाच नाही. आणि बाप काम्पो एलिआस तर पोरगी वाकलेली दिसली की टोपी घालून गाई बघायला जातो. त्या गाईंना इतकं कुणी बघितलं नसेल.

काल नूरी वर्गात चक्कर येऊन पडली. आज सकाळी त्रान्सितो मावशी चीज घेऊन आली आणि आल्या आल्या सुरू झाली.

"अनवाणी फिरली असेल फरशीवर! थंडी शिरते पोटात, पिशवी गारठते. किती वेळा सांगायचं?"

"मोजे घातले होते, मावशी. दोन दोन."

"मग लिंबू खाल्लं असशील."

"लिंबू खाऊन कुणी बेशुद्ध पडतं? बाई म्हणाल्या, परीक्षेच्या दिवशी बरोबर नाटक सुचतं."

"बाईंना काय कळतंय! तापव गं रोसा ते कौल."

रोसाल्बिनाने माझ्याकडे हात नेला. नूरी ओरडली, "नको! हात नको लावूस त्याला!"

ती भिंतीला धरून उठली. "गेल्या महिन्यात डावीकडे पाठीत कळ जात होती. म्हणून चार रात्री कौल पाठीखाली घेऊन झोपले. आता बघ." तिने पाठ वळवून स्वेटर वर केला.

कमरेच्या डाव्या बाजूला नवी जाळी होती. अजून तांबूस.

"अगं बाई," त्रान्सितो म्हणाली, "जाळी पाठीवर उतरली! आपल्या रक्ताचा जोर मोठा."

"आपल्या रक्ताचा कोपरा फुटलाय का, मावशी?"

कुणाला काही कळेना. नूरीने मला उचललं, थंडगार, फडक्याशिवाय, आणि आईच्या हातात दिलं. "ठेव. त्या डागावर ठेव."

रोसाल्बिनाने मला तिच्या कमरेला लावलं. कडेला कड जुळली. जाळीचा तुटका कोपरा माझ्या तुटक्या कोपऱ्याखाली बरोबर बसला.

"पोटावर पण असाच बसतो," नूरी म्हणाली. "मी काल आरशात बघितलं. ही खूण जन्माची नाही, आई. भाजल्याची आहे."

 रोसाल्बिनाने स्वतःचा झगा वर केला आणि मला आपल्या पोटावर धरलं. तिची जाळी फिकी झाली आहे, कडा पुसट आहेत. पण कोपरा ओळखू येतो.  

"आईनं मला भाजलं," ती म्हणाली. "आणि मी तुला."

"तू सोबत तरी बसलीस," नूरी म्हणाली. "पण नुसतं बसून होत नाही ना गं आता."

त्रान्सितो चिडली. "मेलेल्या आईला नावं ठेवता? डॉक्टर काय वेगळं सांगणार? लग्न झालं की जातं हे."

"तुझं गेलं?" रोसाल्बिनाने विचारलं.

 त्रान्सितोच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. पाळणा हलला नाही आणि दुखणं थांबलं नाही. ती हळूच बाकावर बसली. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

मित्रांनो, ऊब जरूर द्या. मुलगी कळवळत असेल तर तिच्याजवळ बसा, पोट शेका, तिला नाटकी म्हणू नका. पण ज्या दुखण्याने मुलगी दर महिन्याला शाळा चुकवते, ओकते, पडते, ते दुखणं कौलाच्या आवाक्यातलं नाही. ते सोसायचं नसतं, दाखवायचं असतं. मला कोनाड्यात ठेवा, पण डॉक्टरच्या जागी ठेवू नका.

अंगणात दूधवाल्याची गाडी आली होती. काम्पो एलिआस त्याच्याशी बोलत उभा होता. या घरात पाळी हा शब्द बायकाही भिंतीकडे तोंड करून उच्चारत. रोसाल्बिनाने मला चुलीपासून लांब, खिडकीत ठेवलं आणि दार सताड उघडलं.

"काम्पो!" ती ओरडली. दूधवाल्यानेही मान वळवली. "उद्या गाई तू पीळ. मी पोरीला घेऊन पहिल्या बसनं तुंहा शहरातल्या हॉस्पिटलात चाललेय. पाळीत पोट दुखतं तिचं, तीन वर्षं झाली. आणि त्रान्सितोपण येतेय बरोबर."