तातडी क्रमांक एक्केचाळीस

चौकोन १. फोन येतो

हा आराखडा मी काढला. मी निशिगंधा. पुण्यात सहा वर्षं 'प्रोसेस' या एका शब्दावर पगार घेतला, आता कोल्हापुरात एका डेअरीच्या जनावरांच्या दवाखान्यात तेच करते. रोज साठेक फोन. म्हैस चारा खात नाही, गाय लंगडते, रेडकू अडलंय. डॉक्टर एक, गाडी एक. आधी कुणाच्या गोठ्यात जायचं, हे आजवर आकाराम मामा ठरवायचे. वीस वर्षं ते फोनवर आहेत. बोलताना इतके ओरडतात, की फोन नसता तरी हातकणंगल्यापर्यंत ऐकू गेलं असतं.

↓

चौकोन २. यंत्र ऐकतं

आता फोन कृत्रिम बुद्धिमत्ता घेते. बोलणं लिहून काढते, आवाजातली भावना ओळखते, तातडीचा क्रमांक लावते. डॉ. वीरेश यादी वरून खाली संपवत जातात. एक महिना चाचणी. पास झाली तर मामांची बदली गगनबावड्याच्या दूध संकलन केंद्रावर. तिथल्या पावसात माणसाला शेवाळ धरतं. मालक उदयसिंहदादांनी ऑर्डर टाइपही करून ठेवली होती. फक्त तारीख भरायची राहिली होती.

↓

चौकोन ३. माणूस तपासतो

हा मामांचा चौकोन. मी दयेपोटी काढलेला. त्यात एकच बटण: 'योग्य'.

"आन अयोग्य असलं तर?" मामांनी विचारलं.

"ते बटण दुसऱ्या टप्प्यात येणार आहे."

"म्हंजे मी गगनबावड्याला पोचल्यावर."

→ (हा बाण कुठे न्यायचा ते ठरलं नव्हतं)

पहिल्या दिवसाची नोंद, यंत्राने केली तशी:

पिराजी, हातकणंगले. "आरं ए सुक्काळीच्या, मेलाईस काय तिकडं? कवापास्नं फोन लावतोय! त्या डॉक्टरला म्हणावं ये, न्हाईतर म्हस आणून तुझ्या टेबलाला बांधतो!" भावना: हिंसक. जीवितहानी: शक्य. तातडी: १.

वीरेश गाडी उडवत गेले. म्हशीच्या शेपटीला गोचीड होती. एक. पिराजीने चहा पाजला. "एवढ्या घाईनं कशाला आलासा? मी आपलं सहज बोललो हुतो."

यंत्राचा कान बाहेर कुठेतरी तयार झालेला. त्याच्या मते आमचा अख्खा जिल्हा सकाळी दहाला दंगल करायला निघत होता. आठवड्यात गावोगाव कळलं, की शिवी दिली की डॉक्टर येतो. ज्यांना शिव्या येत नव्हत्या त्यांनी शिकून घेतल्या. नृसिंहवाडीच्या एका निवृत्त मास्तरांनी वहीतून वाचून दाखवली, मध्ये स्वल्पविराम घेत.

चौकोन ३, पुन्हा. बाविसावा दिवस, सकाळचे अकरा

मामा एका बोटाने 'योग्य, योग्य, योग्य' करत यादीच्या तळाला आले आणि थांबले.

"ह्ये परत लाव."

बसव्वा, सीमेकडचं गाव. "नमस्कार आकारामराव. काल म्हस व्याली. आज बसूनच हाय. डॉक्टरसाहेबांना सवड झाली तर सांगा. उद्या आलं तरी चालंल." भावना: समाधानी. तातडी: ४१. शेरा: ग्राहक सेवेवर खूश.

मामा खुर्चीतून उठले. "वीरेशला गाडी फिरवाय सांग."

"मामा, तिच्या आधी चाळीस जण आहेत. तिची पाळी परवा."

"निशा, ही बाई मला 'ए मुदका' म्हणती. म्हाताऱ्या, म्हणून. मी छत्तीस वर्षांचा हुतो तवापास्नं. आज आकारामराव म्हणाली!"

"मग? मान दिला."

"मान? नवरा गेला तवा एकदाच असा मान दिल्ता तिनं. 'आकारामराव, उद्या दूध येणार न्हाई.' फोन दे हिकडं."

फोन त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतला. वीरेश यादीतल्या पहिल्या नंबरच्या वाटेवर होते, तिथून वळले. पडद्यावर लाल पट्टी आली: नियमभंग, कर्मचारी आकाराम.

दुपारी वीरेशचा फोन आला. म्हैस मान पोटाशी वळवून पडली होती, कान गार. व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं, तसं. शिरेतून बाटली दिली, अर्ध्या तासाने उठली आणि उठल्या उठल्या बादली लाथाडली. "अजून दोन तास," वीरेश म्हणाले, "आणि मला नुसता मेल्याचा दाखला लिहायला लागला असता."

मागोमाग बसव्वा. "ए मुदका, डॉक्टर धाडायला एवढा येळ लागतो व्हय रं?"

भावना: हिंसक. तातडी: १.

~~चौकोन ३-अ~~

मी दुरुस्ती केली: जो मऊ बोलेल त्याला धोका. दुसऱ्या दिवशी यादीत सगळ्यात वर पुण्याचा एक माणूस आला. "सर, आपला दोन मिनिटांचा अमूल्य वेळ मिळेल का?" पाण्याचे फिल्टर विकत होता. वीरेश कॅल्शियमच्या दोन बाटल्या घेऊन त्याच्या लॉजवर पोचले.

~~चौकोन ३-ब~~

मग ठरवलं, प्रत्येकाची बोलायची सवय यंत्राला शिकवायची. मामांना समोर बसवलं.

"पिराजी शिव्या देतो," मामांनी सुरुवात केली. "पर बायको माहेराला गेली की न्हाई देत. तवा मऊ बोलतो, म्हस ठणठणीत असती."

"आणि म्हैस खरंच आजारी असली तर?"

"तवा आधी खोकतो."

"आणि त्यालाच खोकला झाला असला तर?"

"तवा त्याचा भाऊ फोन करतो की."

फोन करणारे नऊशे. चार दिवसांत त्यातले तेवीस उरकले.

चौकोन ४. मालक ठरवतात

तिसावा दिवस. दादांच्या एका हातात ऑर्डर, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन. पडद्यावर माझा अहवाल: यंत्र आणि माणूस यांचं मत जुळलं, नव्व्याण्णव टक्के. जुळणारच. बटण एकच होतं.

"एकच चूक झालीया," दादा म्हणाले, "आन तीबी आकारामची. म्हंजे पास."

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. वीस वर्षांत या खोलीत इतकी शांतता कधी झाली नसेल. त्या शांततेचीच मला भीती वाटली.

"नापास, दादा," मी म्हणाले. "चूक यंत्राची होती. ते बटण मी केलं, तेही चूक. मामांनी बटण सोडून ऐकलं म्हणून म्हैस उभी आहे."

"मग माझ्या पैशाचं लोणचं घालू व्हय?"

"यंत्र लिहून घेऊ दे. ते चांगलं लिहितं. कुणाकडे आधी जायचं ते मामा सांगतील."

"मग चौकोनात काय लिवायचं?"

"आकाराम मामा."

"माणसाचं नाव लिवत्यात व्हय कुठं? पद लिव."

"पद लिवलं तर लोक पदाला फोन करतील," मामा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "मी कुणाच्या शिव्या खाऊ?"

दादांनी बराच वेळ पेन हलवलं. मग ऑर्डर उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: सरकी पेंड, चाळीस पोती.

आवृत्ती ८

↓ ↓ ↓ ↓ ↓ ↓ ↓

मामा

↓

वीरेश

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मामा संडासात गेले आणि डेअरीचा पशुवैद्यकीय विभाग बंद पडला. सात फोन ताटकळले. नियमाप्रमाणे यादीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नव्हता. नियम माझाच. मी फोन उचलला.

"मी धोंडुबाई, राधानगरीकडनं. गाईचं जरा इचारायचं हुतं."

आवाजात काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही. मी फोन घेऊन पळत गेले आणि दार बडवलं.

"मामा! राधानगरीची धोंडुबाई नेहमी कशी बोलते?"

"मला मुतू दे की गं!"

"मामा, मला कळत नाहीये!"

आतून नुसता नळाचा आवाज. मी खाली बसले, फोन स्पीकरवर टाकला आणि दाराखालच्या फटीशी धरला. "बोला, धोंडुबाई. मामा ऐकतायत."

"त्याचं असं हाय," धोंडुबाई म्हणाली, "गाय तशी बरी हाय..."

आतला नळ बंद झाला.

"गाडी पाठव," मामा म्हणाले.