परशरामअण्णांची हजेरी

“काय आलंय ते सगळं वाच रं. अक्षर सोडू नकोस.”

“एरर आलाय अण्णा. इंग्लिशमधी. लई लांबडा हाय.” एवढं बोलून संगणकांचं काम बघणाऱ्या सौरवनं पडद्यावरची ती चौकट बंदही करून टाकली.

मला हे बघवेना. परशरामअण्णा जन्मापासून अंध. बेळगावच्या आमच्या दूध संघात तक्रारीचा फोन तेच घेतात. सांबऱ्याहून येवो की निपाणीहून, मराठीला मराठी, कन्नडला कन्नड, आणि बोलता बोलता तक्रार टाइपही होते. संगणक त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. तो वाचणारा आवाज जुना; बनवणारी कंपनी कधीच बुडाली. नव्या विंडोजवर तो चालत नाही, म्हणून त्यांचा मित्र रवळू यानं त्यांच्या संगणकाच्या आत जुन्या विंडोजचा दुसरा, आभासी संगणक बसवून दिला होता. रविवारी सौरवनं सगळ्या संगणकांवर आणखी नवी विंडोज चढवली. अण्णांना विचारायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही. सोमवारी तो आतला संगणक सुरूच होईना.

संघाचे व्यवस्थापक नागेंद्रसाहेब आले. “इरली बिडी, ऱ्हाऊ दे सोडा, परशराम. लई वर्सं राबलासा. आता निवांत बसा. फोन हापिसातली आरोही घेईल. पगार कुठं पळतोय तुमचा?”

“मी बसायला येत न्हाय, साहेब.”

साहेब हसले. त्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं. माणसाचं काम काढून घ्यायचं आणि वर उपकाराचा आव आणायचा!

मी रवळूला फोन लावला आणि एरर पुन्हा आणून शब्द न् शब्द वाचून दाखवला. अण्णा कान देऊन ऐकत होते.

“आक्का, काय बिघडल्यालं न्हाय,” रवळू म्हणाला. “नव्या विंडोजनं सुरक्षेची एक सोय आपसूक चालू केलीया. तिनं आतल्या मशीनची वाट अडवली. तेवढी बंद करून रिस्टार्ट मारा.”

ती सोय सापडली. बंद करायला गेले तर पासवर्ड मागितला, आणि पासवर्ड होता सौरवकडं. “साहेबांनी सांगितल्याबिगर न्हाय देनार,” तो म्हणाला. साहेब म्हणाले, “सुरक्षेचा प्रश्न हाय, राजमती. एका माणसासाठी नियम मोडायचा व्हय?” रविवारी न विचारता अण्णांचं काम बंद पाडलं, तेव्हा हा नियम कुठे झोपला होता?

दुसऱ्या दिवशी फोन आरोहीच्या टेबलावर गेला. अण्णांची खुर्ची पंख्याखाली सरकवली होती. कुणीतरी तिच्यावर उशीही ठेवली होती. दाराशी हजेरीचं यंत्र आहे, आत येताना त्यावर बोट ठेवायचं. अण्णा त्याच्या बाजूनं सरळ पुढं गेले.

“अण्णा, बोट लावायचं ऱ्हायलं की.”

“ऱ्हाऊ दे आक्का. कामावर आलो म्हणून सांगायचं यंत्र हाय ते. मी कुठं कामावर आलोय?”

आठवडाभर हेच. उचगावच्या बसनं वेळेवर यायचे, उशी बाजूला ठेवून ताठ बसायचे, सुटी झाली की जायचे. यंत्राच्या लेखी गैरहजर. पगार कापला जाणार हे त्यांना माहीत होतं. फोनवर लोक आरोहीला विचारायचे, “आमचं अण्णा कुठं गेलं?” अण्णांना ते ऐकू यायचं.

शनिवारी कचेरी उघडताच वरच्या ऑफिसातून विचारणा झाली, अंध कर्मचारी आठवडाभर गैरहजर कसा? साहेबांचं धाबं दणाणलं. पासवर्ड टाकायला सांगितलं असतं तर चहा निवायच्या आत सगळं मिटलं असतं. ते सुचलं नाही. साहेब दाराशी जाऊन थांबले आणि अण्णा आत येताच त्यांचं मनगट धरून हात यंत्राकडं नेला.

“लावा बोट. उगंच तमाशा नको.”

अण्णांनी मूठ आवळली.

“बोट माझं हाय, साहेब,” ते आवाज न चढवता म्हणाले.

आम्ही सगळे जागच्या जागी उभे. साहेब त्यांची बोटं उकलायला बघत होते. त्या झटापटीत मूठच यंत्रावर टेकली.

“प्लीज ट्राय अगेन,” यंत्र म्हणालं.

साहेबांनी पुन्हा जोर लावला. अण्णांनी मूठ सोडली नाही.