एका पेशंटला एक सिस्टर

रूपालीनं डबा खाटेजवळच्या लोखंडी कपाटावर जरा आपटूनच ठेवला. गावाहून, निर्ण्याहून, पहिल्या बसनं, दाटीत उभं राहून, पोटाशी धरून तिनं तो हुमनाबादपर्यंत आणला होता. आत ज्वारीची भाकर आणि शेपूची भाजी, मीठ बेताचं. आणि इथं सासूबाई इडली खात बसल्या होत्या, तीही सिस्टरच्या हातून. नेत्रावती सिस्टर खाटेच्या उजव्या अंगाला खुर्ची ओढून एकेक घास पुढं करत होती. दोघी कन्नडमध्ये काहीतरी बोलत होत्या आणि भागाबाई चक्क हसत होत्या.

"आत्या, भाकर आणलेय," रूपाली डाव्या बाजूनं म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

भागाबाईंनी मान वळवली नाही. नेत्रावतीनंच हसून वर पाहिलं.

"या अक्का. अज्जीनं आज दोन इडल्या खाल्ल्या."

जणू मोठा गड सर केला, असं रूपालीच्या मनात आलं. घरी हीच म्हातारी ताट सरकवून द्यायची आणि का सरकवलं तेही सांगायची नाही.

भागाबाईंना साखरेचा आजार. तळपायाची जखम चिघळली तेव्हा त्यांना या ट्रस्टच्या दवाखान्यात आणलं. इथं नवी पद्धत सुरू झाली होती. एका पेशंटला एकच सिस्टर, भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंत. दिवसपाळीला रोज तीच यायची, आणि आल्यावर तिचं पहिलं काम गोळी की इंजेक्शन नव्हे, तर खुर्ची ओढून पेशंटशी बोलत बसायचं. कसं वाटतंय, झोप लागली का, घरी कोण कोण आहे, काय आवडतं. मेट्रन सावित्रीबाईंचं म्हणणं असं की माणसाशी नातं जुळलं की औषधही लवकर लागू पडतं. ऐकायला चांगलं होतं. पण जिनं तीन वर्षं त्या पायाला तेल लावलं, पथ्याचं रांधलं, रक्त तपासायला बोट टोचताना शिव्या खाल्ल्या, तिनं ते नातं जुळताना समोर उभं राहून बघायचं, याचा विचार सावित्रीबाईंनी केलेला दिसत नव्हता.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. घरात भागाबाईंचे शब्द मोजकेच असत: चहा दे, दार लाव, प्रेमाचा फोन आला का. प्रेमानंद, रूपालीचा नवरा, हैद्राबादला कंपनीत, महिन्यातून एखाद्या रविवारी घरी. उरलेले दिवस दोघी बाया एका छपराखाली अशा राहत, की शेजाऱ्यांना वाटावं, घरात एकच माणूस आहे. आणि इथं आठवड्याभरात नेत्रावती 'मगळे' झाली होती. मगळे म्हणजे लेकी, एवढं कन्नड रूपालीला येत होतं. भागाबाईंचं माहेर चिंचोळीकडचं, कन्नड बोलणारं, रूपालीचं उदगीरकडचं. लग्न होऊन चौदा वर्षं झाली तरी तिचं कन्नड बाजारापलीकडे गेलं नव्हतं. तिला भागाबाई लोकांत 'प्रेमाची बायको' म्हणत आणि घरात 'अगं'.

इडली संपली. नेत्रावतीनं त्यांचं तोंड पुसलं. भागाबाई पुन्हा बोलायला लागल्या, हळू, लांबण लावून. त्या बोलण्यात मधेच 'रूपाली' आलं. थोड्या वेळानं परत आलं. नेत्रावतीनं मान डोलावली आणि एकदा तिच्याकडे बघितलं.

रूपालीच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षांत जे नाव तोंडी घेतलं नाही, ते परक्या बाईपुढं गाऱ्हाणं सांगायला बरं आठवलं.

ड्रेसिंग झाल्यावर नेत्रावती तिला व्हरांड्यात घेऊन गेली.

"अक्का, अज्जीला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत न्हाई. बाळंतपणातल्या तापात गेला म्हणे. तुम्हाला म्हाईतच असंल, पण घरी गेल्यावर बोलताना उजव्या बाजूनं..."

"म्हाईत हाय," रूपाली म्हणाली.

ती धादांत खोटं बोलली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून ती बोलायची ते भागाबाईंच्या बाजेचं डावं अंग. किती वेळा तिनं विचारलं असेल, भाजी कोणती करू, पाय दुखतोय का, आणि उत्तर आलं नाही म्हणून कढईत कालथा आपटला असेल. म्हातारीला ताठा आहे, असं तिनं माहेरीदेखील सांगून ठेवलं होतं. एक कान गेलेला, आणि ते सांगितलं कुणाला? तर आठ दिवसांच्या ओळखीच्या सिस्टरला. आपल्याला कळलं असतं तर आपण काय गावभर दवंडी पिटली असती?

ती तडक मेट्रनच्या खोलीत गेली.

"आमाला दुसरी सिस्टर द्या."

सावित्रीबाईंनी चष्मा काढला. "काय झालं? त्रास दिला का तिनं?"

"त्रास न्हाई. लई बोलते ती."

सावित्रीबाई म्हणाल्या, "बदलून देईन. पण आमच्यात आधी त्या सिस्टरनं घरच्यांशी बसून बोलायचं असतं. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुपारी वॉर्ड शांत झाला. भागाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. रूपाली डाव्या अंगाच्या बाकड्यावर बसली होती. उजवीकडची खुर्ची रिकामी होती, पण नेत्रावतीच्या खुर्चीत बसायला तिचं मन होत नव्हतं. नेत्रावती आली आणि बाकड्यावर तिच्या शेजारीच टेकली.

"अक्का, माझं काय चुकलं ते सांगा. मनात ठेवू नका."

"काय चुकलं न्हाई."

"मग?"

रूपाली पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमी जेवलाव का?" नेत्रावतीनं विचारलं. "रोज पहिल्या बसनं येताव, संध्याकाळी जाताव. तुमचं तुमी कधी खाताव?"

आता हे काही फार मोठं बोलणं नव्हतं. पण असं रूपालीला बरेच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं, आणि जिच्यावर जळायचं तिनंच विचारावं याचा तिला जास्तच राग आला. राग आला आणि डोळेही भरले.

"तुमी आलाव, खुर्ची वडलाव, बसलाव," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्या तुमाला समदं सांगायलेत. कान गेल्याचं मला म्हाईत नव्हतं, सिस्टर. खोटं बोलले मी सकाळी. मी काय केले न्हाई हेंच्यासाठी? सोयाबीनच्या काढणीत माझी आई सिरीयस हाय म्हणून उदगीरहून फोन आला. त्याच दिवशी आत्याला उलट्या, अंगात ताप. मालक हैद्राबादला. आत्याला कुनाच्या भरवशावर टाकून जाऊ? म्हनलं, उद्या जाते. दुसऱ्या दिवशी गेले तर आईची तिरडी उचलायलेच व्हते."

"घरी सांगितलाव न्हाई?"

"कुनाला सांगू? माहेरात मीच म्हनले, बस चुकली. भाऊ आजून धड बोलत न्हाई. आन् हितं..." तिनं खाटेकडे हनुवटी केली. "हितं कोन इचारायलंय."

नेत्रावतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. रूपालीनं तो झिडकारला नाही. ती आवाज न करता रडत राहिली, आणि नेत्रावती नुसतीच बसून राहिली.

"नेत्रावती."

दोघींनी चमकून पाहिलं. भागाबाई कूस बदलून इकडे वळल्या होत्या. चांगला, उजवा कान वर होता आणि डोळे उघडे. कधीपासून, कोण जाणे.

नेत्रावती उठली आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारायला वाकली. भागाबाईंनी हातानंच तिला थांबवलं आणि मराठीत बोलल्या. सिस्टरशी त्या पहिल्यांदाच मराठी बोलत होत्या.

"तू जा आता. दुसऱ्या कुन्या पेशंटाकडं बस."

"अज्जी, काही दुखतंय का?"

"काय दुखत न्हाई. माझी सून हाय ती. तिला काय इचारायचं ते मी इचारते."

आवाजात नेहमीचा करडेपणा होता, पण तो या वेळी सिस्टरच्या वाट्याला आला होता. नेत्रावतीला वाईट वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. चार्टवर काहीतरी लिहून ती पलीकडच्या खाटेकडे गेली.

भागाबाई रूपालीकडे बघत राहिल्या.

"तिला सांगायलीस," त्या म्हणाल्या. "मी काय मेले व्हते?"

रूपालीनं पदरानं तोंड पुसलं. वॉर्डाच्या टोकाला कुणाचं तरी मूल रडत होतं आणि आया बादली घेऊन फरशी पुसत येत होती. ती पुढं गेल्यावर भागाबाईंनी विचारलं:

"तुझ्या आईच्या तोंडात शेवटचं पानी कुनी घातलं?"

"भावजयीनं."

"म्हंजी सुनंनं."

"व्हय."

भागाबाईंनी अंगावरची चादर सारखी केली.

"चांगली हाय का ती?"

"लई चांगली हाय," रूपाली म्हणाली. "पन आई तिला कधी तसं म्हनली न्हाई."

पट्टी बांधलेला पाय भागाबाईंनी दोन्ही हातांनी धरून, कण्हत, थोडा आत ओढून घेतला, आणि खाटेवर रूपालीला बसायला जागा केली.