कोटाच्या विरोधात

हातात वस्तरा असला की समोरचा माणूस सहसा वाद घालत नाही. उभा जन्म मी लोकांचे केस कापले, दाढ्या केल्या आणि खुर्चीत बसेल त्याला राजकारणापासून जावयापर्यंत सगळ्या विषयांवर माझी मतं ऐकवली. एकानंही कधी 'नाही' म्हटलं नाही. त्यामुळे आपण फार छान बोलतो असा माझा समज झाला होता. जहाजावर तो खरा ठरला, तिथंच घात झाला.

जहाजाचं खूळ ताईचं. आठवडाभर समुद्रात फिरवून आणतात, सकाळपासून रात्रीपर्यंत खायला घालतात, तसलं जहाज. ताई माझी थोरली बहीण. तिचा सगळा जन्म कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात गेला. लोकांचे कोट, लोकांचं रेशीम, लोकांच्या लग्नाचे झगे. वाफेनं भाजल्याचे डाग तिच्या मनगटावर अजून आहेत. ती म्हणायची, "छोट्या, एकदा मला असा कपडा घालून मिरवायचंय, की ज्याची इस्त्री दुसऱ्या कोणीतरी केलीय." साठी उलटली तरी मी तिचा छोट्याच.

हे जहाज तिनं निवडलं ते एकाच कारणासाठी. शेवटच्या संध्याकाळी मोठ्या जेवणघरात सगळ्यांनी नटूनथटून यायचं, असा इथला नियम. बायकांनी लांब ड्रेस, पुरुषांनी कोट-टाय. बाकीच्या जहाजांवर म्हणे आता लोक अर्ध्या चड्डीवर जेवायला येतात. ताईनं हिरव्या रेशमाचं कापड आणून स्वतः ड्रेस शिवला होता. शिवताना दोनदा उसवला, कारण बाही बसत नव्हती. मला तर तिनं कोट भेट म्हणून दिला. "माझ्या शेजारी बसणारा माणूस शोभला पाहिजे," म्हणाली.

आणि मला गुंड्या लावता येत नाहीत.

माझा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो. डावाही आता त्याच्या नादाला लागलाय. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हे जाणार नाही, सांभाळून घ्यायचं. एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली त्या दिवशी मी दुकानाला कुलूप घातलं. ताईला सांगितलं, कंटाळा आला. न्हाव्याचा हात थरथरतो हे सांगायचं कुठल्या तोंडानं? कात्री मला तिच्याच नवऱ्यानं, म्हणजे भावोजींनी शिकवली. ते गेल्यावर ती सगळ्यांना सांगायची, "त्यांचा हात आमच्या छोट्याकडे आलाय."

तर जहाजावर मी डोक्यातून घालायचे टी-शर्ट घेऊन आलो होतो. कॉलर असली की रोजच्या जेवणाला चालायचं. सूप आलं की मी म्हणायचो, पोटाला सोसत नाही. पेला अर्धाच भरून घ्यायचो. ताई म्हणायची, "किती रे नखरे तुझे!" म्हटलं, नखरे तर नखरे.

शेवटच्या संध्याकाळसाठी आदल्या दिवशी मी खोलीत सराव करून पाहिला. पलंगावर बसून पांढरा शर्ट घातला आणि गळ्याकडून सुरुवात केली. ताई दारावर टकटक करून चहाला बोलावून गेली, चहा पिऊन परत आली, तरी मी आपला तिसऱ्या गुंडीवर. घामानं शर्ट ओला झाला. खोली आवरणाऱ्याला गुंड्या लावायला सांगावं असं मनात आलं, पण जीभ रेटेना. शेवटी शर्ट ओरबाडून काढला आणि टी-शर्ट चढवून बाहेर आलो.

त्याच रात्री जेवताना मी तोंड उघडलं. आमच्या टेबलावर एक वकीलबाई बसायच्या, सोबत त्यांचे न बोलणारे यजमान. वकीलबाई सहज म्हणाल्या, "उद्यासाठी कोट आणलाय ना?"

"मी कोट घालणार नाही," मी म्हणालो. "हा काय जुलूम? पैसे आमचे, पोट आमचं, आणि कपडे ह्यांच्या मर्जीचे?"

ताईचा घास हातातच राहिला. "अरे, पण आणलायस ना कोट?"

"आणला म्हणून घातलाच पाहिजे असं नाही. मी वरच्या मजल्यावर जेवीन. तिथं कोणी विचारत नाही."

"तू नसलास तर मी एकटी कुणाशेजारी बसू?" ताई म्हणाली. "मग मीही वरच येते."

आता आली का पंचाईत! मी वर गेलो तर तिची संध्याकाळ बुडणार, खाली गेलो तर माझं बिंग फुटणार. तिला बाजूला घेऊन हात दाखवला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. ते सोडून मी नियमावरच घसरलो. वकीलबाईंनाही चेव चढला. एक दिवस नीट कपडे घालायला माणसाचं काय जातं, इतर लोकांचाही मान असतो, वगैरे. आमचे आवाज चढले, शेजारची टेबलं वळून बघायला लागली. जहाजावर एक करमणूकवाली बाई होती, लोकांना रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या खेळात गुंतवणारी. ती टाळ्या वाजवत आली. "वा! उद्या दुपारी ह्यावरच वाद ठेवू या. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला ह्या. मत हात वर करून."

जेवणघराचा मॅनेजर हसत म्हणाला, "लोकांनी नको म्हटलं तर उद्याच्या पुरता नियम मागे घेतो, जा!"

मला तर हे देवानंच धाडल्यासारखं वाटलं. मी मनाची समजूत घातली, की नियम गेला म्हणून ताईचं काही जात नाही. ज्याला नटायचं त्यानं नटावं, नाही त्यानं नाही. ती हिरवा ड्रेस घालील, मी टी-शर्टवर तिच्या शेजारी बसेन, दोघांचंही भागेल. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, गिऱ्हाइकालाही तेवढं फसवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं ड्रेस जहाजावरच्या इस्त्रीवाल्यांकडे दिला. परत आला तेव्हा मला हाक मारून दाखवला. "बघ, शिवणीवरून कसा हात फिरवलाय. मलाही इतकं जमलं नसतं." ती त्या ड्रेसकडे बघत उभी राहिली आणि मी हात खिशात घालून उभा राहिलो.

दुपारी सभागृह गच्च भरलं. ताई पहिल्या रांगेत. वकीलबाई आधी बोलल्या. मुद्देसूद बोलल्या, पण रटाळ. मग माइक माझ्याकडे आला. मी तो दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला, म्हणजे थरथर दिसणार नाही.

"मंडळी, मी न्हावी," मी सुरुवात केली. "खुर्चीत माणूस बसला की मी त्याच्या गळ्याभोवती कापड गुंडाळतो. त्या कापडाखाली साहेब असो नाहीतर हमाल, वर नुसतं डोकं राहतं. आणि डोक्यात काय आहे ते कोटावरून कळत नाही!"

हशा पिकला. मला जोर चढला. "चव जिभेला कळते, टायला कळते का? कोट घातला म्हणून मासा जास्त शिजतो का? बडा घर, पोकळ वासा! ज्याच्या आत काही नसतं ना, तोच वरून सजवतो."

टाळ्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली. खरं सांगतो, दुकान बंद केल्यापासून माझं कोणी इतकं ऐकलं नव्हतं. मी थांबायला हवं होतं. मुद्दा जिंकून झाला होता. पण टाळीची चटक वाईट. मी म्हणालो, "आणि बायांनो, रागावू नका, पण ह्या वयात रेशीम घालून आपण भुलवणार कोणाला? समुद्रातल्या माशांना?"

सभागृह खदखदून हसलं. माणसं मांड्यांवर थापा मारत होती. ताईही हसली. तोंडाला पदराऐवजी रुमाल लावून हसली.

मतं घेतली. कोटाच्या विरोधात कोण? हातच हात. पहिल्या रांगेत सगळ्यांत आधी वर गेला तो ताईचा. माझ्याकडे बघून तिनं तो हलवलासुद्धा. आपला भाऊ उभा आहे म्हटल्यावर ती दुसरं काय करणार!

मॅनेजरनं शब्द पाळला. आज ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं यावं, असं सगळीकडे जाहीर झालं. संध्याकाळपर्यंत लोक मला 'पुढारी' म्हणून हाका मारत होते. माझा हात धरून हलवायला यायचे, मी लांबूनच नमस्कार करायचो.

संध्याकाळी ताईला न्यायला तिच्या खोलीवर गेलो. ती तयार होती. अंगात रोजचा सुती कुर्ता, वर करड्या रंगाचं स्वेटर, केसांना रबर.

"हे काय? ड्रेस कुठाय?"

"राहू दे रे." ती चप्पल शोधत होती. "सगळे साधे येणार, मी एकटी नटून काय करू? आणि तू म्हणालास ते खोटं नाही. ह्या वयात रेशीम घालून लोकांना हसवायचं कशाला? घरी मला सुचलंच नाही बघ. बरं झालं बोललास, नाहीतर हसं झालं असतं माझं."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो, मला ते जमतं. ती खरंच आभार मानत होती. मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसलो आणि खिशातला हात काढून तिच्यापुढे धरला.

"हे बघ."

तिनं बघितलं. आधी तिला कळलं नाही, तिनं हात धरून स्थिर करायचा प्रयत्न केला. सोडल्यावर तो पुन्हा सुरू झाला.

"कधीपासून?"

"दुकान बंद केलं त्याच्या आधीपासून. ताई, मला शर्टाच्या गुंड्या लागत नाहीत. म्हणून मी ते सगळं..."

"म्हणजे तुला ते पटत नव्हतं? कोटाचं, रेशमाचं?"

"एक अक्षर पटत नव्हतं गं."

तिनं माझा हात पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "लोक हसले, तेव्हा तुला बरं वाटलं?"

इथं तरी खोटं बोलायला हवं होतं. पण तिच्यासमोर बसून पुन्हा खोटं बोलायची लाज वाटली. "हो," मी म्हणालो. "फार बरं वाटलं."

"हं." तिनं माझा हात माझ्या मांडीवर ठेवला. "हाताचं मला वाईट वाटतंय, छोट्या. घरी जाऊन मी त्याच्यावर रडेन. डॉक्टरकडेही येईन तुझ्याबरोबर. पण आज मला तुझा राग आलाय. गुंड्या लावायला मी मेले होते का?"

"ताई, घाल गं तो ड्रेस. पाया पडतो. कोणी हसलं तर मी बघतो त्याच्याकडे."

"तुझा कोट आण," ती म्हणाली.

मी पळत जाऊन शर्ट, कोट, टाय सगळं घेऊन आलो. मला वाटलं, सुटलो. तिनं मला आरशासमोर उभं केलं आणि खालून वर एकेक गुंडी लावली. कॉलर बसवली, टायची गाठ मारली, कोटाच्या खांद्यावरची सुरकुती तळहातानं काढली. जन्मभर लोकांच्या कोटांना लागलेला हात, त्याला काय सांगायचं! मी म्हणालो, "आता तू."

"मी अशीच येणार."

"ताई!"

"आज तो माझ्या अंगावर चढायचा नाही रे. तू चल. मला माझ्या शेजारी कोट हवा होता."

आम्ही जेवणघरात शिरलो. टी-शर्ट, अर्ध्या चड्ड्या, सपाता, कोणी तर पोहून तसाच आलेला. वकीलबाई हार मोकळ्या मनानं मान्य करून फुलाफुलांच्या ढगळ झब्ब्यात बसल्या होत्या. आणि दारात मी, सबंध जेवणघरात एकटा कोट-टायवाला. लोकांनी मला पाहिलं आणि जो हशा फुटला तो दुपारपेक्षा मोठा होता. "पुढारी फुटले! पुढाऱ्यांनी पक्ष बदलला!" लोक चमचे टेबलावर आपटायला लागले. करमणूकवाली बाई फोटो काढायला धावली. माझे कान तापले. ताई माझ्या बाजूनं सरळ चालत होती, स्वेटरच्या बाह्या वर सारून.

बसल्यावर वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, हा काय प्रकार? सगळ्यांना कपडे उतरवायला लावून स्वतः कोटात? खुलासा करा बघू."

ताईनं माझ्याकडे बघितलं. तिनं माझ्या वतीनं काही सांगितलं नाही, डोळ्यांनीसुद्धा नाही.

"माझे हात थरथरतात," मी म्हणालो. "मला गुंड्या लावता येत नाहीत, म्हणून कोट नको होता. बाकी सगळी बडबड. आज ताईनं लावून दिल्या." आणि सगळ्यांना दिसेल असा हात टेबलावर ठेवला. काटा-चमचा किणकिणला.

आमच्या टेबलावरचं हसू गेलं. न बोलणारे यजमानसुद्धा म्हणाले, "अरेरे." वाढपी आला, ताईनं त्याला माझं सूप पेल्यात द्यायला सांगितलं, अर्धाच पेला. मला वाटलं, चला, झालं एकदाचं, आता ह्याहून खाली जायला जागा नाही.

वकीलबाई विषय बदलावा म्हणून ताईकडे वळल्या. बाई मनानं चांगली. "आणि तुम्ही हो? नियम असता तर तुम्ही आज काय घालणार होतात?"

मी खाली बघितलं.

"हेच," ताई म्हणाली, आणि तिनं सुपाचा चमचा उचलला.